रिकाम्या जीपचं माप

अद्वय हे लिहिणारच नव्हता. दोनदा टाइप केलं, दोनदा उडवलं. तिसऱ्यांदा ‘मी’ काढून स्वतःचं नाव टाकलं, तेव्हा कुठे पुढे सरकलं.

तर झालं असं. वर्तकनगरच्या मुकुलने एक जुनी जीप घेतलेली, दगडांवर चढवायला. एक चाक हवेत, एक खड्ड्यात, आणि गाडी गोगलगायीसारखी पुढे, असा त्याचा शौक. त्यासाठी मागचे कमानपाटे काढून लिंक सस्पेन्शन करायचं होतं. म्हणजे चार जाड नळ्या, दोन वर, दोन खाली. त्यांनी ॲक्सल चेसिसला धरून ठेवायचा आणि वजन कॉइल स्प्रिंगांवर. डिझाइन अद्वयचं. तो डोंबिवलीत लॅपटॉप दुरुस्त करायचा, हे सगळं व्हिडिओ बघून बघून शिकलेला. वेल्डिंग त्याचा मित्र प्रणितचं, चेंदणी कोळीवाड्यातल्या शेडमध्ये, जिथे प्रणितचे बाबा होड्या दुरुस्त करायचे.

मापं घेतली त्या दिवशी जीपचा नुसता सांगाडा होता. टाकी नाही, सीट नाही, स्टेपनी नाही.

“आधी मागे वजन टाक,” प्रणित बोलला. “बाबा होडीवर पाण्याची रेघ मारतात ना, ती जाळी न् बर्फ भरून मारतात. रिकामी होडी वरच तरंगते.”

“ही गाडी आहे रे. वजन मी एक्सेल शीटमध्ये धरलंय.”

“मग एक्सेलच घेऊन जा खाणीत.”

अद्वय हसला आणि टेप लावला. वरची नळी आणि चेसिसची आडवी पट्टी, मध्ये चार इंच मोकळे सोडले, चाक वर दबलं की नळीला जागा हवी म्हणून. पुरे होते.

सगळं सामान चढल्यावर गाडी अडीच इंच खाली बसली. उरले दीड. एक्सेल शीटमध्ये ती अर्धाच इंच बसेल असं दाखवत होतं. परत मोजायला हवं होतं, आणि ते काम त्याचं होतं. त्याने मोजलं नाही.

आंबिवलीच्या पुढे एक बंद खाण आहे. तिथे तिसऱ्या दगडावर मागचं डावं चाक पूर्ण वर दबलं. नळी पट्टीवर आपटली, तिला धरणारं, वेल्ड केलेलं ब्रॅकेट ॲक्सलवरून उपटलं, आणि जीप आडवी झाली. हळूच, म्हैस बसते तशी. मुकुलच्या खांद्याचं हाड मोडलं.

अद्वयने त्याचा बेल्ट सोडवला. मग नळीवरचा बोटभर चकचकीत ओरखडा पाहिला. ब्रॅकेट उचललं. वेल्डची रेघ शाबूत होती, शेजारचा पत्रा फाटलेला. म्हणजे वेल्ड सुटलं नव्हतं. त्याने ब्रॅकेट सॅकमध्ये टाकलं आणि चेन लावली. काही वाटलं नाही. भूक लागलेली, एवढंच.

दोन दिवसांनी तो मुकुलला बघायला गेला. मुकुलच्या आईने, हेमाकाकूंनी, पोहे दिले.

“कोळीवाड्यातल्या मुलाकडून कशाला करून घेतलंत?” काकू म्हणाल्या. “वेल्ड सुटलं म्हणे. काही शिक्षण तरी आहे का त्याचं?”

अद्वयने पोहे संपवले. खोबरं जरा जास्त होतं.

त्या रात्री प्रणितचा मेसेज आला: ‘माझाच हात हलला असेल.’ अद्वयने त्यावर अंगठा टाकला. टाकला, आणि फोन चार्जिंगला लावला.

अकराव्या दिवशी, रविवारी सकाळी, तो कोळीवाड्यात गेला. शेडसमोर प्रणित बाबांच्या होडीला रंग मारत बसलेला. वेल्डिंग मशीनवर ताडपत्री.

“काय साहेब. दुसरं काय मोडायला आणलंय?”

अद्वयने सॅकमधून ब्रॅकेट काढून त्याच्या पुढ्यात ठेवलं. “बघ.”

प्रणितने ब्रश खाली ठेवला. रेघेवरून अंगठा फिरवला, एकदा, मग उलटा.

“पत्रा फाटलाय.”

“हो. नळी पट्टीला लागली. दीडच इंच उरलेले. तू सांगितलेलंस वजन टाकायला.”

“कधीपास्नं माहितीये?”

“खाणीतच कळलेलं.”

मागे कुणीतरी बोंबील वाळत घालत होतं.

“मशीन विकायला काढलेली मी,” प्रणित बोलला. “उद्या बघायला येणारेत. झोपेत पण वेल्ड सुटतंय माझं. आणि तू अंगठा टाकतोस.”

“हो.”

“काहीतरी बोल ना मग.”

“काय बोलू कळत नाही. अकरा दिवस काहीच वाटत नाहीये रे मला. आत्ता पण नाही.”

“नको वाटू दे. तोंड तर चालतंय ना?” प्रणितने ब्रॅकेट त्याच्या हातात दिलं. “मुकुलला सांगितलंस?”

“ग्रुपवर टाकतो.”

“ग्रुपवर नको. सगळे हात जोडतील आणि विषय संपेल. घरी जा. त्याच्या आईसमोर.”

होडीवरची जुनी पाण्याची रेघ पुसट झालेली, अद्वय तिच्याकडे बघत राहिला.

“आज जातो,” तो म्हणाला. “हे घेऊन जातो. सांगतो, वेल्ड प्रणितचं होतं आणि ते टिकलं, माप माझं होतं आणि ते चुकलं. काकूंसमोर एवढं बोलल्याशिवाय त्या घरात पाणीसुद्धा पिणार नाही. तू उद्याच्या माणसाला येऊ नको सांग.”