एका लेकराला अख्खी आई

खरं सांगते, दादाचा मला तितका राग नव्हता. आईचा होता. आणि आप्पांचा तर इतका होता की सकाळचा चहा मी त्यांच्यापुढं ठेवायचे नाही, आदळायचे. त्यांना ते कळायचंसुद्धा नाही.

आमचं गाव शिरूर अनंतपाळजवळ. माझा भाऊ आदिनाथ, म्हणजे दादा, त्याला दहावीत चांगले मार्क पडले आणि घरच्यांनी त्याच दिवशी त्याला डॉक्टर करून टाकलं. लातूरला कॉलेज, लातूरलाच नीटची ट्यूशन. अकरावीचं वर्ष त्यानं मेसवर काढलं आणि पोटाचं वाटोळं करून घेतलं. मग आप्पा आईला म्हणाले, "तारामती, तू जा. खोली करून राहा. पोराला घरचं खाऊ घाल."

आमच्याकडं ह्यात काही नवल नाही. ट्यूशनच्या त्या भागात गल्ल्याच्या गल्ल्या अशा आयांनी भरल्यात. कुणी उमरीची, कुणी हिमायतनगरची. घरदार, नवरा, जनावरं मागं टाकून यायचं आणि एका खोलीत एका लेकराला भाकरी करून घालायची. पोरगं पास होईपर्यंत तिथंच.

आई गेली, आणि मागं कोण राहिलं? मी. त्याच वर्षी मी दहावीला होते. पण ते घरात कुणाच्या ध्यानात असेल तर शपथ!

म्हशीचं आप्पा बघायचे, तेवढं मात्र खरं. बाकी झाडलोट, पाणी, न्याहारी, भांडी, धुणं, आणि सोयाबीन काढायला माणसं लावली की त्यांचा चहा, सगळं माझ्यावर. गणिताचं पुस्तक मी गॅसपाशी उघडं ठेवायचे. प्रत्येक पानावर पिठाची बोटं. मला गणित लई आवडायचं, आणि मला लातूरला शिकायला जायचं होतं. आप्पांनी अट घातली होती. "पंच्याऐंशीच्या वर पडले तर लातूर. न्हाई तर शिरूरला जा-ये कर, काय बिघडतंय?"

सहामाहीत मला अडुसष्ट टक्के पडले. नववीपर्यंत मी वर्गात पहिली होते, बरं का! आप्पांनी निकाल बघितला, घडी करून परत दिला आणि मोठ्या मायेनं म्हणाले, "असू दे बाळा. सगळ्यांचं डोकं सारखं नसतंय."

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. डोकं! दिवसातून दोन तास मोकळे द्या म्हणावं, मग बघा डोकं.

दिवाळीत दादाच्या ट्यूशनला सुट्टी नव्हती, म्हणून आईही गावाकडं येणार नव्हती. आप्पांनी ज्वारीचं पीठ, शेंगदाणे आणि तुपाची बरणी बांधून दिली आणि मला एसटीत बसवलं.

आईची खोली बेगमबी चाचींच्या घरात, वरच्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा दादा ट्यूशनवरून नुकताच आला होता. बॅग टाकली आणि बसला. आईनं ताट वाढलं, पाण्याचा तांब्या भरून ठेवला, आणि मग दुधात त्याची भाकर कुस्करायला लागली. सतरा वर्षांच्या घोड्याची भाकर! तो पुस्तकात बघत बघत जेवला आणि ताटाकडं न बघता उठला. आईनं ताट उचललं, घासलं, पालथं घातलं.

"आता काय करतीस?" मी विचारलं.

"काय न्हाई. जिन्यात बसते. बाकीच्या बायाबी येतेत."

"संध्याकाळपर्यंत?"

"करमत न्हाई गं, तने," आई म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले.

मला तिची कीवही आली आणि संतापही. इथं हिला वेळ खायला उठलाय आणि तिकडं मला श्वास घ्यायला वेळ नाही. मी म्हणाले, "आई, घरी चल."

"येडी का काय? दादाचं वर्ष हाय."

"आणि माझं?"

मग मी मार्क सांगितले. आईला आधी ते खरंच वाटेना. "अगं, पण तू तर हुशार हायस," ती म्हणाली. "तू सगळं नीट करतीस. मला तुझी काळजीच नसती."

"काळजी नसती म्हणूनच तर अडुसष्ट पडले!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले की खालून बेगमबी चाची वर आल्या. त्यांनी दोघींकडं बघितलं, पलीकडं मान खाली घालून बसलेल्या दादाकडं बघितलं आणि खाटेवर टेकल्या.

"लडक्याला शिकव ना, तारामतीबाई," त्या म्हणाल्या. "आमचा बिलाल बघ. लग्नातल्या जेवणाच्या मोठ्या देगा उतरवतो. लोक बोटं चाटतात."

"तुमचा तो धंदा हाय, चाची. आमच्यात गडीमाणसं चुलीपाशी जात न्हाईत."

"न्हाई कशी जात?" मी म्हणाले. "पिराच्या कंदुरीला मटण कोण शिजवतंय?"

आमच्या शिवारात पिराचं ठाणं आहे. कुणाचा नवस फिटला की तिथं कंदुरी असते. झाडाखाली मोठ्या चुली मांडतात आणि सगळा स्वयंपाक गडीमाणसंच करतात, बायका पातेल्याला हात लावत नाहीत. त्यात आप्पांचा हात तर पंचक्रोशीत नावाजलेला. शेषेरावांनी कालवण केलंय म्हटलं की लोक दुसऱ्या गावाहून येतात. आणि हाच माणूस घरी आला की पाणीसुद्धा हातानं घेत नाही.

आईला हसू आलं. चाची तर पोट धरून हसल्या. हसता हसता आईनं माझे हात ओढून घेतले आणि उलटेपालटे करून बघितले. हिवाळा लागला होता, बोटं सगळी उललेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं दादाला हलवलं. "ऊठ. पीठ मळ."

"आई, माझी टेस्ट हाय!"

"टेस्ट दुपारी हाय."

शिकवायला आईच बसली, पण तिच्यानं ते होईना. दादाची पहिली भाकर परातीत फाटली आणि आईनं "राहू दे, राहू दे माझ्या राजा" म्हणत परात ओढून घेतली. दुसऱ्यांदा त्याच्या बोटाला तवा लागला, तर हिच्याच डोळ्यांत पाणी. शेवटी मी तिला दंडाला धरून उठवलं. "तू जिन्यात बस. बोलावल्याशिवाय आत यायचं न्हाई."

मग मी शिकवलं. पाणी किती ऊन पाहिजे, पीठ तळहातानं कसं रगडायचं, भाकर तव्यावर टाकली की वरून पाण्याचा हात कधी फिरवायचा. दादाचं म्हणणं, हे सगळं बायोलॉजीत कुठंच येत नाही. मी म्हणाले, "आमाशय येतंय ना? ते काय वाऱ्यानं भरतंय का?" दोन-तीन दिवस त्यानं जे भाजलं त्याला भाकर म्हणवत नव्हतं. पण दादा चिवट आहे. आठवड्याच्या शेवटी त्याची एक भाकर अर्धी का होईना फुगली, तर ती ताटलीत घेऊन तो खाली चाचींना दाखवून आला.

दादाला खोलीवर ठेवून आई माझ्यासोबत कायमची गावाकडं आली. तिला दारात बघून आप्पांचा चेहराच उतरला. "पोराचं नुकसान झालं म्हणजे? एकुलता एक हाय तो."

"एकुलता कसा?" आई म्हणाली. "मला दोन लेकरं हायत." आप्पांना उलट बोलताना मी तिला तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

दादाचं सुरुवातीला बरं चाललं. मग एक दिवस त्याला वांग्याचं कालवण करायची हुक्की आली. आमच्या घरी फोन एकच, तो आप्पांपाशी, आणि आप्पा शेतात. दादानं त्यांनाच विचारलं. आप्पा काय, कंदुरीच्याच थाटात सुरू झाले. तेल सोडायचं, कांदा चांगला लाल होऊ द्यायचा, तिखट पळी भरून, मीठ अंदाजानं. आणि आमचा शहाणा! ट्यूशनचा पोरगा तो, समोरच्यानं सांगितलं ते बिनबोभाट करायचं एवढंच त्याला ठाऊक. चार वांग्यांत पळीभर तिखट.

संध्याकाळी त्याचा फोन आला, तोंडानं हाश्श-हुश्श करत. "तने, आता काय करू?"

"पाणी वाढव, शेंगदाण्याचं भरपूर कूट घाल, मीठ लागलं तरच टाक. आणि अर्धं चाचींकडं दे, त्यांना तिखट चालतंय." मी हसून हसून लोळले. पण एक सांगते, दादानं मला काही विचारायची ती पहिलीच वेळ होती, आणि मला ते लई बरं वाटलं.

आप्पा बाजूला बसून ऐकत होते. त्यांच्या तोंडात मारल्यासारखं झालं होतं. शंभर माणसांचा अंदाज त्यांच्या हातात होता, एका माणसाचा नव्हता. थोड्या वेळानं स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभे राहिले आणि हळूच आईला विचारलं, "दोघाचौघांच्या कालवणाला तिखट किती घालतेत गं?"

माझा अभ्यास त्या हिवाळ्यात झाला. परीक्षा दिली. उन्हाळ्यात निकाल लागला आणि मला नव्वदच्या जरा खाली मार्क पडले. आप्पांनी गावभर पेढे वाटले. दादाचं नीट मात्र थोडक्यात हुकलं. तो एक वर्ष परत बसणार होता. भाकरीपायी पोराचं डॉक्टर होणं राहिलं, असं आप्पा म्हणतील म्हणून मी घाबरून होते. दादानं ते आधीच ओळखलं. "आई होती तेव्हाबी टेस्टला तेवढेच पडत होते, आप्पा," तो म्हणाला. आप्पांनी टोपी चढवली आणि म्हशीकडं गेले.

मग एका संध्याकाळी जेवताना आप्पांनी ठरवून टाकलं. "तनूलाबी लातूरलाच घालू. खोली हायच. दोघं बहीणभाऊ राहतेल. बरंच झालं, आदीच्या जेवणाचीबी सोय झाली."

ते रागानं बोलले नाहीत, चांगले खुशीत बोलले. आणि आईकडं बघितलं तर तिचाही जीव भांड्यात पडलेला. तेच मला जास्त लागलं. वर्षभर ज्याच्यासाठी तडफडले ते माझ्या हातात आलं होतं, आणि त्याच्यासोबत परात, तवा आणि दादाचं ताट. अकरावीचं माझं वर्ष परत गॅसपाशी.

मी हातातला घास खाली ठेवला. "मग मला न्हाई जायचं."

"डोस्कं फिरलंय का?" आप्पा म्हणाले.

"शिरूरलाच घाला मला. जा-ये करते." मला जायचं होतं हो, लई जायचं होतं.

दादा तोंडातला घास गिळून म्हणाला, "आप्पा, मी म्हणालो का, माझी सोय करा? मला येतेत की भाकरी."

"तुझं शेवटचं वर्ष हाय हे."

"आणि तिचं पयलं हाय."

आप्पा आईकडं बघायला लागले. आईनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "भाकरीचा एक वार ह्याचा, एक वार तिचा. ज्यानं आपला वार चुकवला, त्यानं मला फोन करायचा न्हाई. मी येणार न्हाई. दोघं उपाशी झोपा."

"बघू की किती दिवस टिकतंय," आप्पा म्हणाले. खरं सांगू? मलाही तेच वाटत होतं. जेवायच्या वेळी जोरात बोलणं सोपं असतं. टेस्ट आली, झोप झाली नाही, डोकं दुखलं की घरातली बाई आठवते, आणि त्या खोलीत बाई मी एकटीच.

लातूरला गेल्यावर पहिला वार मी केला. दुसऱ्या दिवशी दादाचा होता आणि नेमकी त्याची टेस्टही होती. माझं कॉलेज सुटलं तेव्हा दुपार कलली होती. पोटात कावळे ओरडत होते. येताना वाटेत मी सगळं भांडण तोंडपाठ करून घेतलं. तो म्हणेल, वेळ मिळाला नाही. मग मी काय बोलायचं, आप्पांना फोनवर काय सांगायचं, बॅग कशी भरायची, सगळं ठरवलं. जिना चढताना तर मी रडकुंडीला आले होते.

दार नुसतं लोटलेलं होतं. दादा जमिनीवर पुस्तकावर डोकं ठेवून झोपला होता. कोपरापर्यंत पीठ. कोपऱ्यात एक ताट होतं, वर दुसरं ताट पालथं घातलेलं. मी ते उचललं. आत दोन भाकरी, वाटीत वरण, आणि चिरून ठेवलेला कांदा. वाढलेलं ताट एकच होतं, माझं. दादाचं घासून मोरीपाशी पालथं पडलेलं होतं.

मी कळती झाल्यापासून आमच्या घरातल्या पुरुषांची ताटं झाकून ठेवत आलेय. माझ्यासाठी कुणी ताट झाकून ठेवलेलं मी कधी बघितलंच नव्हतं. मला इतकं रडू आलं की तिथंच खाली बसले.

भाकरी कडेला कच्च्या होत्या आणि वरण गार झालं होतं. मी सगळं जेवले. मग दादाला उठवलं आणि त्याची टेस्ट कशी गेली ते विचारलं.