दोघांची मुदत ठेव

"ही ठेव मोडता येणार नाही, ताई," बँकेतल्या बाई म्हणाल्या आणि माझं डोकंच फिरलं.

"मोडायची कशाला? मुदत संपलीय तिची!"

"संपली आणि पुन्हा सुरूही झाली. पुढे काय करायचं ते तुम्ही कळवलं नाहीत, म्हणून ती आपोआप आणखी तीन वर्षांसाठी गुंतली. व्याजाचा दर ठरलेला असतो, तशी मुदतही ठरलेली. या योजनेत मध्येच पैसे निघत नाहीत."

माझ्या स्वतःच्या दुकानासाठी दोन गल्ल्यांपलीकडचा गाळा मी बघून ठेवला होता. आज संध्याकाळपर्यंत अनामत दिली नाही, तर मालक तो एका रंगवाल्याला देऊन टाकणार होता.

"काहीतरी मार्ग असेलच ना?"

"ही वाढलेली मुदत रद्द करता येते, पण आजच. आज शेवटचा दिवस. आणि दोघांच्याही सह्या हव्यात."

दोघांच्या म्हणजे माझी आणि दादाची. ही वडिलांची करणी. दादा कुणालाही नाही म्हणत नाही आणि मी रागाच्या भरात काहीही करून बसते, म्हणून त्यांनी ठेवीला दोन सह्या लावल्या आणि आमच्या पडद्यांच्या दुकानाला दोन कुलपं. एक किल्ली त्याच्याकडे, एक माझ्याकडे. दादा कापड बेततो, मी शिवते, आणि दिवसभर आमची जुंपलेली असते. ठेव निघाली की अर्धे अर्धे घ्यायचे आणि मी सुटायचं, एवढ्याच आशेवर मी इतकी वर्षं काढली.

दादाला फोन लावला. उचलेना. पुन्हा लावला. शिपायाने शटर अर्ध्यावर ओढलं, बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. रडू येत होतं आणि त्या रडण्याचाही राग येत होता. शेवटी "सही घ्यायला लगेच बँकेत ये" असा मेसेज केला. मग 'द्यायला'ऐवजी 'घ्यायला' लिहिलंय हे दिसलं, पण आता काय!

तेवढ्यात दादा शटरखालून वाकून आत आला. मोजपट्टी गळ्यातच.

"बँकेचे मेसेज तुझ्या फोनवर येतात. मुदत संपल्याचा आला नव्हता?" मी विचारलं.

"आला होता."

"मग बोलला का नाहीस? दातखीळ बसली होती?"

तो गळ्यातली मोजपट्टी गुंडाळायला लागला. "व्याज किती मिळणार ते पहिल्या दिवशीच ठरलं होतं. तू जाणार तेही. मी नुसती मुदत वाढवून बघितली."

त्याने पेन उचललं आणि सही केली. मीही केली. बाई सुटकेचा निःश्वास टाकून आत गेल्या.

मी पर्समधून दुकानाची किल्ली काढून त्याच्यापुढे ठेवली.

त्याने ती परत माझ्याकडे सरकवली. "राहू दे तुझ्याकडे. सकाळी आधी येऊन आपलं उघड, मग तुझं."

मी किल्ली पर्समध्ये टाकली. दोन गल्ल्या म्हणजे काही लांब नाही.