तलावापलीकडची मालिका

कानांवर हेडफोन चढवले की साक्षी गजभियेला जवळची माणसं दूर गेल्यासारखी वाटत आणि दूरचं जग अगदी कानाशी येऊन बसे. गोंदियाच्या बाजारात लहानाची मोठी झालेली ही पोरगी आधी बरीच वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली लांब काठीवरचा माइक धरून उभी राहत होती. या सिनेमात पहिल्यांदाच आवाजाचं सगळं खातं तिच्याकडे आलं होतं. सडक अर्जुनीजवळच्या एका मोठ्या तलावावर चित्रीकरण चाललं होतं आणि शॉट संपल्यावर सगळे आधी कॅमेऱ्याकडे आणि मग तिच्याकडे बघायचे. ती मान हलवायची, मगच पुढचं काम.

तिला हे काम दिलं होतं मंजू लंजेनं. सिनेमा मंजूचा होता, तिचा पहिलाच. तिच्या पूर्वजांनी या भागात तलाव बांधले होते, त्याचीच गोष्ट ती सांगत होती. मुंबईत मालिकांच्या सेटवर तिनं नट्यांच्या साड्या आणि बांगड्या मागच्या दृश्याशी जुळतात की नाही हे बघण्यापासून सुरुवात केली होती. पुढे सहायक झाली. मग कुणी दिग्दर्शक आजारी पडला, कुणी रजेवर गेला की त्याचे भाग हिच्या गळ्यात पडू लागले. ते तिनं इतके नीट केले की शेवटी लोक तिलाच बोलवू लागले. तरी स्वतःच्या नावानं सिनेमा करायला बराच काळ गेला.

त्या दुपारी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, एक शांत दृश्य चाललं होतं. नटी पाण्याकडे बघत उभी होती, संवाद एकही नव्हता. आणि साक्षीच्या कानात एक बाई स्पष्ट म्हणाली, "बाबा, तिकीट काढा ना. कुठं उतरता?"

मग तीच बाई म्हाताऱ्याच्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आखरीले."

"रोजच आखरीले जाता. उतरत तं नाई कधी. तिथं हाये कोन तुमचं?"

साक्षीनं हात वर केला. आवाज आला आहे, पुन्हा घ्यावं लागेल, असं तिनं सांगितलं. कॅमेऱ्यामागची माणसं कुरकुरली. निर्मितीची व्यवस्था बघणारे टेकचंद बिसेन म्हणाले की ऊन चाललं आहे, नंतर स्टुडिओत काय ते साफ करून घेता येईल. मंजूनं त्यांना थांबवलं आणि साक्षीला विचारलं की नक्की काय ऐकू आलं.

"कोणीतरी तिकीट मागतंय," साक्षी म्हणाली.

सगळे हसले. मंजूनं हेडफोन स्वतःच्या कानाला लावून पाहिले. तिला पाणबदकं ऐकू आली, बाकी काही नाही. पण साक्षीनं सांगितलं म्हणून शॉट परत घेतला गेला.

दुसऱ्या दिवशी ऊन कलायच्या सुमाराला आवाज परत आला. वारा पलीकडून वाहत होता आणि पाण्यावरून शब्द घरंगळत येत होते. आता साक्षीला कळलं की कंडक्टर बाईचं नाव हंसा आहे, गाडी गोंदियाहून कोहमाऱ्याच्या फाट्यावरून देवरीला जाते आणि तो म्हातारा बाबा रोज शेवटपर्यंत जातो, तिथे न उतरता त्याच गाडीनं परत येतो. हंसा त्याचा माग काढायचं ठरवते, एवढ्यात वारा पडला. साक्षी माइक हातात धरून तशीच उभी राहिली. काम संपल्यावर तलावाचा नुसता आवाज हवा आहे असं सांगून ती रोज मागे थांबू लागली. ते खोटं नव्हतं, पण खरं कारण वेगळं होतं.

कुणीतरी टीव्हीवरची मालिका सांगत असावं असं तिला वाटलं, पण ती कोणती, हे कुठेच कळेना. जिथे सगळे उतरले होते तिथल्या स्वयंपाकघरातल्या बाया एकही मालिका सोडत नसत. त्यांनी विचार करून सांगितलं की हंसा नावाची कंडक्टर कुठल्याच चॅनेलवर नाही. मोबाइलवर शोधूनही काही मिळालं नाही. एकीनं तर विचारलं, मालिकेतल्या बाया कधी बस चालू असताना तिकीट फाडतात का? त्या घरात बसून एकमेकींकडे डोळे वटारतात.

शेवटी सुट्टीच्या दिवशी साक्षी पाळीवरून चालत पलीकडे गेली. काठावर चारच घरं होती. पहिल्याच घराच्या ओसरीत, तलावाकडे तोंड करून, साठीच्या आसपासची एक बाई लाखोळीची भाजी निवडत बसली होती. शेजारी खाटेवर एक उंच माणूस बसला होता. साक्षीची पावलं वाजली तशी त्यानं मान वळवली, पण नजर तिच्या खांद्यावरून पुढे गेली.

ते यादोराव शहारे. एसटीत ड्रायव्हर होते. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले आणि गाडी सुटली. बाई म्हणजे त्यांची बायको अन्नपूर्णा. त्या बोलल्या तसा साक्षीनं आवाज ओळखला. तिनं आपण कोण ते सांगितलं, पाणी घेतलं आणि जे विचारायला आली होती ते सरळ विचारलं.

"मावशी, तो म्हातारा कोण आहे? गाडीतला?"

अन्नपूर्णाबाई गोंधळल्या. तलावापलीकडे कुणी आपलं बोलणं ऐकत असेल, हे त्यांच्या मनातही आलं नव्हतं. मग त्या पदर तोंडाला लावून हसल्या. "मले तरी कुठं ठावं, बाई? तिथपावतर गोष्ट पोचलीच नाई अजून."

साक्षीला वाटलं, त्या टाळताहेत. पण तसं नव्हतं. डोळे गेल्यावर यादोराव दिवसभर टीव्हीपाशी बसत आणि अन्नपूर्णाबाई त्यांना पडद्यावर काय दिसतं ते सांगत. कोण आलं, कुणी कसं तोंड केलं, कुणाच्या डोळ्यांत पाणी आलं. एक दिवस ते वैतागून म्हणाले, या बाया एवढ्या नटून घरीच काऊन बसून राहतात, कामाले जात नाईत का? अन्नपूर्णाबाईंनी टीव्ही बंद केला आणि कामाला जाणारी एक बाई मनानंच काढली. तीच हंसा. तेव्हापासून टीव्ही बंदच होता. गोष्ट रोज थोडी पुढे सरकायची आणि उद्या काय होणार ते सांगणारीलाही माहीत नसायचं.

साक्षीनं विचारलं की ऐकायला बसू का. यादोरावांनी खाटेवर जागा करून दिली.

त्यानंतर काम लवकर संपलं की ती पलीकडे जाऊ लागली. जवळून ऐकताना तिला एक गोष्ट दिसली, जी पाण्यावरून ऐकू आली नव्हती. अन्नपूर्णाबाई मधेच थांबून नवऱ्याला विचारत, "मुरदोलीचं जंगल संपलं की मंग काय लागते?" ते डोळे मिटून सांगत. उतार, मग मोरी, मग डावीकडे मोहाचं झाड, तिथे गाडी जरा डुलते. लगेच हंसाची गाडी तिथे डुले आणि यादोरावांचे हात मांडीवर स्टिअरिंग धरल्यासारखे वळत.

म्हातारा कोण तेही एके दिवशी उलगडलं. तो त्याच रस्त्यावरचा जुना ड्रायव्हर होता. दिसत नव्हतं, पण गाडीच्या हिसक्यांवरून गाडी कुठे आली ते ओळखत बसायचा. रस्ता आपल्याला अजून येतो का, तेवढं बघायला तो रोज येत होता. हे सांगताना अन्नपूर्णाबाईंचा आवाज जराही बदलला नाही. यादोराव मात्र तोंड फिरवून बसले.

साक्षीनं मंजूला सगळं सांगितलं. मंजू तिच्यासोबत आली, खाली चटईवर बसली आणि गोष्ट थांबेपर्यंत हलली नाही. परत निघायच्या आधी तिनं मनातलं बोलून टाकलं. मुंबईत मोठमोठ्या खोल्यांत बसून लोक महिनोन्‌महिने अशी एक बाई शोधतात, जिच्यामागे बघणाऱ्यानं रोज यावं, आणि त्यांना ती सापडत नाही. मंजूकडे एका चॅनेलनं नवी मालिका मागितली होती. हंसा द्याल का, असं तिनं विचारलं. कथा अन्नपूर्णाबाईंच्या नावानं, आणि शेवटपर्यंत त्यांनाच विचारून.

अन्नपूर्णाबाईंचा चेहरा उजळला. त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"नाई," यादोराव म्हणाले. "ते माझी गाडी आहे."

मंजूनं पुन्हा विचारलं नाही. पाळीपर्यंत पोचवायला आलेल्या अन्नपूर्णाबाई वाटेत साक्षीला हळूच म्हणाल्या, "मले लय वाटते, लोकाइनं आयकावं. पन त्याइचं बी खोटं नाई ना."

पुढचे दोन दिवस पलीकडून काहीच आलं नाही. सगळे शॉट पहिल्याच फेरीत स्वच्छ मिळाले. टेकचंद खूश होते. साक्षी हेडफोन लावून पाण्याकडे बघत राहायची, आणि तिला वाटत होतं की आपण त्या घरात पाऊल टाकून काहीतरी बिघडवलं. तिच्याकडे हंसाचे रेकॉर्ड करून साठवलेले तुकडे होते. ते आपले नाहीत, हे तिला आता कळत होतं.

चित्रीकरण संपत आलं तेव्हा अन्नपूर्णाबाई स्वतः पाळीवरून चालत आल्या, यादोरावांचा हात धरून. त्यांना खुर्च्या दिल्या. घरी काय झालं ते त्यांनी चहा पिता पिता सांगितलं. दोन दिवस त्यांनी हंसाला डेपोतच उभं ठेवलं होतं. यादोरावांनी पुढे सांग म्हटलं, तेव्हा त्या बोलल्या होत्या, "हंसा तुमची. तिले कोनी हात लावनार नाई. पन गोष्ट सांगनारी मी, एकट्या तुमची कशी?"

त्यावर यादोराव म्हणाले होते, "मंग त्याइले दुसरी सांग."

आणि दुसरी तयार होती. बिरसीजवळ विमान उडवायला शिकवणारी एक शाळा, तिच्या मेसमध्ये पोळ्या लाटणारी सरू. कोण पोरगी आज पहिल्यांदा एकटी विमान नेणार, हे सरूला ताटात उरलेल्या पोळीवरून कळतं. सरू कधी विमानात बसली नाही. तिला फक्त एवढंच जाणून घ्यायचं आहे की वरून आपलं घर कसं दिसत असेल. मंजू ऐकता ऐकता पुढे सरकली. "मग ती विचारते कोणाला?"

"पायतो ना आता," अन्नपूर्णाबाई म्हणाल्या.

साक्षीनं आपल्याजवळचे तुकडे यादोरावांसमोर ठेवले आणि पुसून टाकू का विचारलं. त्यांनी आधी ऐकायला मागितले. तिनं हेडफोन त्यांच्या कानावर बसवले. तलावावरून येणारा आपल्याच बायकोचा आवाज ते मान खाली घालून ऐकत राहिले. शेवटी म्हणाले, "एवढी दूर जाते हिची आवाज? ठेव तू. पन कोनाले देजो नको."

हिवाळा सरल्यावर नागपूरला चॅनेलच्या लोकांबरोबर बैठक झाली. अन्नपूर्णाबाई मंजू आणि साक्षीच्या मधे बसल्या. तिथल्या साहेबांना गोष्ट आवडली होती, फक्त दहाव्या भागापर्यंत सरूचं लग्न ठरावं असं त्यांचं म्हणणं होतं.

"काऊन?" अन्नपूर्णाबाईंनी विचारलं.

साहेब म्हणाले की बायकांना तसं बघायला आवडतं. अन्नपूर्णाबाई म्हणाल्या, कोन्या बायकाइले? नाव सांगा, मी विचारून पायतो. त्यांच्या बोलण्यात राग नव्हता, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. साहेबांनी आजूबाजूला पाहिलं. मंजूनं मग शांतपणे सांगितलं की लग्न नसलेले पहिले वीस भाग ती करून दाखवेल, नंतर बोलू. तेवढ्यावर बैठक संपली. लग्नाचा विषय पुढेही दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा मंजूनं तो मागे ढकलला.

मालिकेचा आवाज साक्षीकडेच आला. आता तिच्या हाताखाली दोन मुली होत्या, एक देवरीची, एक नागपूरची. अन्नपूर्णाबाई महिन्यातून चार-पाच दिवस सेटवर यायच्या, एरवी फोनवर बोलायच्या. प्रत्येक यंत्राजवळ जाऊन हे काय करते म्हणून विचारायच्या. एका भागात नटी रडायला लागली तेव्हा त्या मंजूजवळ जाऊन म्हणाल्या की सरू इथं रडनार नाई, ती पोळी पलटवंल. मंजूनं तसं करून पाहिलं आणि तेच ठेवलं.

पहिला भाग दाखवला त्या संध्याकाळी तलावाकाठची चारही घरं शहाऱ्यांच्या ओसरीत जमली. खूप दिवसांनी तिथला टीव्ही लागला होता. कथा, अन्नपूर्णा शहारे, असं नाव आलं तेव्हा शेजारणीनं ते मोठ्यानं वाचलं. यादोरावांनी विचारलं, अक्षरं केवढी आहेत. शेजारणीनं हातानं माप दाखवलं, मग आठवून त्यांचाच हात धरून त्याच्यावर मोजून दिलं.

भाग संपेपर्यंत ते टीव्हीकडे कान लावून बसले. अन्नपूर्णाबाईंनी या वेळी कुणाचं तोंड कसं झालं ते सांगितलं नाही. साक्षीनं पोळ्यांचे, भांड्यांचे, डोक्यावरून जाणाऱ्या विमानाचे आवाज असे बसवले होते की त्यांना सांगायची गरज पडली नाही. माणसं पांगल्यावर यादोराव खाटेवरून म्हणाले, "ते पोरगी, जिनं ताटात पोळी टाकली, ते पडनार तं नाई ना विमानातून?"

अन्नपूर्णाबाई टीव्ही बंद करत म्हणाल्या की सगळ्या गावासंगं पाहा. मग त्या त्यांच्याजवळ येऊन बसल्या आणि हंसाची संध्याकाळची गाडी सुरू झाली.