खरी विक्री

बेकरीवाल्याने भट्टीच्या तोंडातली राख खरवडून काढली, ओल्या फडक्याने पराती पुसल्या आणि मैद्याच्या पोत्यांवर ताडपत्री टाकून दोरी आवळली. संध्याकाळपासून वल्हांडण सण सुरू होणार होता. सणाचे आठ दिवस खमीर लागून फुगलेलं किंवा फुगू शकेल असं काही यहुदी माणसाच्या मालकीचं असून चालत नाही. घरातले पावाचे तुकडे झाडून जाळता येतात, पण पोती आणि भट्टी कुठे टाकणार? म्हणून त्याच्या आजोबांपासूनची रीत होती. सणाआधी मालासकट दुकान परधर्मातल्या शेजाऱ्याला नावापुरत्या किमतीत विकायचं, किल्ली त्याच्या हातात द्यायची आणि सण सरला की परत विकत घ्यायचं. धर्मगुरू एकच गोष्ट बजावत. विक्री खरी हवी. मनातून ती लुटूपुटूची असेल तर सण पाळलाच नाही असं समजा.

शेजारी म्हणजे पलीकडच्या गाळ्यातला न्हावी. दर वर्षी किल्ली हवेत उडवून झेलायचा आणि म्हणायचा, "आठ दिवस मी शेठ! कुणी पाव मागायला आलं तर दाढी करून पाठवतो."

यंदा त्याने किल्ली मुकाट्याने खिशात टाकली आणि गिऱ्हाइकाच्या गालाला दुसऱ्यांदा साबण लावायला घेतला.

"काय शेठ, खूश ना?" बेकरीवाल्यानेच विचारलं.

"खूश," न्हावी वर न बघता म्हणाला.

त्या रात्री जेवणाच्या टेबलावर नेहमीचं सगळं होतं. खमीर न घातलेली पातळ भाकरी, कडू पाला, मिठाचं पाणी, द्राक्षरसाचे प्याले. घरातल्या सगळ्यात धाकट्याने प्रश्न विचारायचा असतो. एकुलती एक असल्यामुळे विशी उलटली तरी तो मान मुलीकडेच होता. गेल्या हिवाळ्यात कुणीतरी बेकरीच्या काचेवर दगड मारला, तेव्हा ती गल्ल्यावर बसली होती. तिचा डावा डोळा तेव्हापासून मिटलेला होता.

"आजची रात्र इतर रात्रींहून वेगळी का?" तिने विचारलं.

बेकरीवाल्याने बापाकडून ऐकलेलं उत्तर दिलं. आम्ही मिसर देशात गुलाम होतो. सुटकेची वेळ आली तेव्हा इतक्या घाईत निघालो की कणीक फुगायलाही सवड मिळाली नाही.

"फुगायची वाट बघत बसले असते तर तिथेच राहिले असते," त्याची बायको म्हणाली.

हे काही पोथीत नव्हतं. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती भाकरी मोडत होती.

सण संपला त्या संध्याकाळी तो न्हाव्याकडे गेला. दुकानात दुसरं कुणी नव्हतं. न्हावी चामड्याच्या पट्ट्यावर वस्तरा घासत होता.

"किल्ली दे रे. पहाटे पीठ भिजवायचंय."

"कसली किल्ली?"

"चेष्टा पुरे."

"चेष्टा कसली? दुकान मी घेतलंय. विक्री खरी असते, हे तूच मला शिकवलंस." वस्तरा चालूच होता. "सांग की, तुझ्या देवाला साक्ष ठेवून सांग. खोटी होती?"

एका शब्दाचं काम होतं. पण तो शब्द तोंडातून गेला असता तर आजोबांपासूनचे सगळे सण त्याच्याबरोबर गेले असते.

"खरी होती," बेकरीवाला म्हणाला.

या उत्तराला न्हावी तयार नव्हता. त्याचा हात थांबला.

"राग धरू नकोस," तो खालच्या आवाजात म्हणाला. "तुम्हा लोकांची दुकानं हल्ली कशी चाललीत, बघतोयस ना? मी नाही तर दुसऱ्या कुणी घेतलंच असतं. मी निदान काचा फोडून घेतलं नाही."

पोलीस चौकी वाटेतच होती. मुलीच्या डोळ्याची तक्रार तिथे कुणी लिहून घेतली नव्हती. तो चौकीसमोरून सरळ घरी आला.

बायको पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दुकान गेलं," तो दारातूनच म्हणाला.

"ठाऊक आहे मला." तिने हातातली घडी पुरी केली. "न्हाव्याच्या बायकोने सांगितलं होतं. सणाच्या आधी, कपडे वाळत घालताना. रडत होती बिचारी. 'वहिनी, या खेपेला किल्ली देऊ देऊ नका, ह्यांच्या डोक्यात भलतंच शिरलंय,' म्हणाली."

तो स्टुलावर बसला.

"आणि तू मला बोलली नाहीस?"

"नाही."

"अगं, का?"

"पोरीचा डोळा गेला तेव्हा म्हटलं, गाव सोडून माझ्या भावाकडे जाऊ. तुम्ही म्हणालात, भट्टी टाकून कसं जायचं? शेजारच्या गल्लीत आपल्या त्या शिंप्याला ठार मारलं, तेव्हाही तुमची भट्टी आडवी आली. भट्टी असेपर्यंत तुम्ही हलला नसतात. तिचा दुसरा डोळा गेला असता तरी."

तिचा आवाज चढला नव्हता. त्याने पाण्याचा पेला उचलला आणि न पिताच खाली ठेवला. बोटांच्या पेरांवर तीस वर्षांच्या भाजल्याचे डाग होते. तो ते एकेक चोळत राहिला.

"आणि त्याने किल्ली परत दिली असती तर?"

ती पलंगाच्या कडेवर टेकली.

"परवाच्या गाडीची तिकिटं मी कालच काढलीत," ती म्हणाली. "दोन. माझं नि पोरीचं."

आतल्या खोलीत मुलगी पेटी बंद करायला बघत होती. पेटी गच्च भरली होती. झाकण आपटल्याचा आवाज यायचा, कडी निसटायची, पुन्हा आवाज यायचा. बेकरीवाला उठला, आत गेला आणि झाकणावर गुडघा रोवून त्याने मुलीला कडी लावून दिली.