आईचा रंग

पुढच्या महिन्यातल्या प्रदर्शनात बाबांना आईचे फोटो दाराएवढे करून लावायचे होते. त्यासाठी नवा मोठा प्रिंटर हवा होता, आणि तो निवडायला लेक सोबत आली होती. बाबा चाळीस वर्षांचे फोटोग्राफर, भलते चोखंदळ. अलीकडे एकेक गिऱ्हाईक पाठ फिरवून गेलं, त्याचं खापर त्यांनी जुन्या प्रिंटरच्या माथी फोडलं होतं. शिकायला येणाऱ्यांनी मशीनला नावं ठेवली की हेच बाबा म्हणायचे, नाचता येईना अंगण वाकडं.

दुकानदाराने दोन मशीनांवर आईचा एकच फोटो जाड सुती कागदावर छापून दाखवला. खिडकीशी बसलेली आई, मांडीवर अर्धवट विणलेला स्वेटर. लेकीला भरून आलं. बाबांनी मात्र दोन्ही प्रिंट बाजूला सारल्या. म्हणाले, कावीळ झाल्यासारखी दिसतेय.

तिसऱ्या मशीनच्या वेळी ते स्वतः कॉम्प्युटरपुढे बसले. आपल्या फोटोच्या रंगाला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, हा त्यांचा जन्माचा नेम. तो पिवळेपणा घालवायला अर्धा तास रंग कमी-जास्त करून त्यांनी प्रिंट काढली आणि तिच्याकडे बघत राहिले.

"हीच मशीन घ्यायची. आता कशी, होती तशी दिसते."

लेकीने वाकून पाहिलं. कागदावरची आई निळसर होती. ओठ, नखं, सगळंच. दवाखान्यातल्या शेवटच्या सकाळी ती अशी दिसली होती. आई गेल्यावर बाबांनी नातेवाइकांना वाटलेला फोटोही असाच निळा होता. तो जुन्या प्रिंटरचा, हा नव्याचा. लावलेले रंग तेवढे दोन्हीकडे बाबांचे. गप्प राहावं, असं तिला फार वाटलं. पण मग प्रदर्शनात आई अशीच टांगली गेली असती.

"बाबा, ही निळी आहे."

दिव्याचा दोष असेल, असं ते म्हणाले.

"दिव्याचा नाही. प्रिंटरचाही नाही. तुमचे डोळे दाखवायला हवेत."

दुकानदाराला एकाएकी मागे कागदाची गुंडाळी आवरायची आठवण झाली. बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"वाटलेले फोटो?"

"तेही असेच."

"मावशीकडचा?"

"तिने तो कधी लावलाच नाही."

"आणि तुझा?"

"कपाटात आहे. मला बघवत नव्हतं, बाबा."

दोन वर्षांत कुणी ब्र काढला नव्हता, तिनेही नाही. तिला स्वतःचीच लाज वाटली.

बाबांनी बाजूला सारलेली पहिली प्रिंट उचलली, खिडकीपाशी नेली, नाकाजवळ धरली.

"इथे कशी दिसते ती? तू सांग."

"गव्हाळ," ती म्हणाली. "होती तशी."

बाबांनी मान डोलावली. त्यांना मात्र ती पिवळीच दिसत होती.