ग्राफिक्स कार्डाचा दमा

लाव पैज, शेवट ओळखून दाखव. मी जळालो म्हणशील, तर चुकलास.

मी ग्राफिक्स कार्ड बोलतोय. कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसतं ते चित्र मी काढतो. डोकं लवकर तापतं, म्हणून अंगावर पंखा. मला आणलं एका व्हिडिओ जोडणाऱ्यानं. सुटे भाग आणून कॉम्प्युटर त्यानं स्वतःच जुळवला, म्हणून त्याची आई त्याला जुळव्या म्हणायची. आत घातलं मॅकओएस, म्हणजे कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली. ते पडलं मानी, आपल्या कंपनीच्या यंत्राशिवाय कुणाला ओळख देईना. मला थांब म्हणणारं कुणी नाही, मग मी दिवसभर पंखा पूर्ण सोडून बोंबलत पळायचो.

कॉम्प्युटरचा डबा ठेवलेला बाबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. बाबांना जाऊन तीन वर्षं झालेली. समोर कॉटवर आई, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, ऑपरेशनची तारीख ठरलेली.

"जुळव्या, ते विमान उतरव की खाली! डोकं उठलं माझं."

जुळव्या बसला माझी वीज आवरायला. एका फायलीत लिहिलं, हा डबा मॅकओएसच्याच कंपनीतून आलाय. मॅकओएस फसलं! मला काय गुदगुल्या झाल्या. मग पायऱ्या लावल्या, तापलास की पंखा चढव, निवलास की उतरव. पण लावल्या अगदी चिकटून. चार सेकंद पंखा वर, चार सेकंद खाली. वर बारीक शिट्टी.

आई उठून बसली. "आले होय?"

"कोण गं?"

"तुझे बाबा. त्यांच्या दम्याची शिट्टी मला कळत नाही का?"

"आई, पंखा आहे तो."

"हळू बोल. झोपू दे त्यांना."

मी मूळचा खोडकर. तिनं "अहो, पाणी देऊ का?" विचारलं, की मी मुद्दाम जास्त धापा टाकायचो. ती लगबगीनं डब्यावर पांघरूण घालायची. मग तर आत तापून मला खरीच धाप लागायची!

ऑपरेशनच्या दिवशी गाडी दारात, आई हलेना. "यांना असं दम लागलेलं टाकून येऊ?" दुसरी तारीख घेतली, तीही गेली. डॉक्टर म्हणाले, आता डोळ्यात दाब वाढला तर नजर परत यायची नाही.

तिसऱ्या तारखेला सकाळी जुळव्यानं वायर ओढली, मला उपटलं आणि तिच्या हातात दिलं. "हा बघ तुझा दम्याचा पेशंट! आता चल बाई."

तिनं माझा पंखा बोटानं फिरवून पाहिला. मग मला टेबलावर ठेवून खुर्चीकडं कान लावला.

"श्श. आत्ता कुठं डोळा लागलाय त्यांचा."

मी थंडगार. अंगात थेंबभर वीज नाही. आणि खुर्चीतून श्वास येत होता. चार वर, चार खाली, बारीक शिट्टी. जुळव्याच्या हातातला पेचकस गळून पडला. म्हणजे त्यालाही ऐकू आलं.

आता सांग, इतके दिवस नक्कल कोण कुणाची करत होतं?

ती ऑपरेशनला गेलीच नाही. आठ दिवसांत डोळे लाल झाले, ठणकले.

मी अजून टेबलावर पडून आहे. जुळव्या मला लावतही नाही, कुणाला देतही नाही. तू कधी असा कॉम्प्युटर जुळवशील, तर गड्या, पंख्याच्या पायऱ्या जरा लांब लाव. आणि घरातली रिकामी खुर्ची आधी दुसरीकडं हलव.

गंमत मी केली. डोळे तिचे गेले. दोन्ही.