पाकळी पडायच्या आधी

धंदा कसा करायचा हे फुलाच्या पाकळीला विचारायचं नसतं, असं मी घरात कितीदा सांगितलं. दरवेळी आईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी चपला घालून देवघरात शिरले.

आमचा गाळा पाळी गावच्या रस्त्याला आहे. बाबा त्यात खाणीच्या ट्रकांचे सुटे भाग विकायचे. पुढे ट्रक कमी झाले, बाबांचे गुडघे गेले आणि गाळा रिकामा पडला. त्यात आता कॉम्प्युटरचे पार्ट विकायचे, एवढं घरात ठरलं होतं. कसे विकायचे, यावरून माझी आणि थोरल्या भावाची, शंभूदादाची, उन्हाळाभर जुंपली होती.

दादाला डीलरशिप हवी होती. पणजीच्या एका वितरकाने त्याला गळ घातली होती. काचेचं दुकान, एसी, वर दिव्यांचा बोर्ड, कपाटात एकाच कंपनीचा माल, दर तीन महिन्यांनी ठरलेली खरेदी. पार्ट बिघडला तर पणजीला पाठवायचा आणि पणजी सांगेल तेव्हा गिऱ्हाईकाने परत यायचं. या सगळ्यात मी कुठे? कागदावर, टेक्निशियनच्या रकान्यात. टेक्निशियन असल्याशिवाय डीलरशिप मिळत नाही आणि दादाला रॅम आणि रवा यांतला फरक कळत नाही.

आमच्या भागात मशीन का मरतं ते मला ठाऊक आहे. खाणीची तांबडी धूळ पंख्यात बसते. वीज जाते, आणि येताना झटका मारते. पाली उबेला पॉवर सप्लायमध्ये शिरतात आणि भाजून मरतात. म्हणजे पुन्हा पुन्हा तेच थोडे पार्ट जातात. मी म्हणत होते, तेवढेच ठेवूया. फोन आला की स्कूटर काढायची, आपला पार्ट बसवून मशीन तिथल्या तिथे चालू करायचं, बिघडलेला घरी आणायचा. दुरुस्त झाला तर त्यांचा त्यांना परत, नाही झाला तर आपला तिथेच राहील. गिऱ्हाईकाने वर्षाची ठरलेली रक्कम द्यायची. पार्ट विकायचाच नाही, चालू मशीन विकायचं. हे मी कुठल्या वर्गात शिकले नाही, बाबांच्या गाळ्यावर शिकले. ट्रकवाला कधी बेअरिंगसाठी आला नाही. खेप चुकू नये म्हणून आला.

"म्हणजे दुकान नाय?" दादाने विचारलं होतं.

"पोदेर दारोदार पाव घालता. त्याचो शोरूम खंय बघितलंस?"

"मगे तू पण सायकलीर बस आणि पोंपों वाजव. रॅम घेयात गो बायांनो, गरम गरम रॅम."

वहिनी हसली. हसण्यासारखं होतंच.

दादाला मी दोष देत नाही असं म्हणणार नाही. देते. पण त्याचं दुखणं मला दिसतं. तो रोज पहाटे बस धरून वास्कोला जातो, बंदरातल्या एका एजंटाचे कागद या टेबलावरून त्या टेबलावर नेतो, आणि त्याच्याहून लहान पोरं त्याला 'ए शंभू' म्हणून हाक मारतात. त्याला एक खुर्ची हवी होती, जिच्यासमोर लोक उभे राहतील. फक्त ती खुर्ची माझ्या हातांवर उभी राहणार होती, आणि ते मला मान्य नव्हतं.

शेवटी आई म्हणाली, गावच्या सातेरीदेवीला प्रसाद लावूया. आमच्याकडे सगळं असंच सुटतं. लग्न, विहीर, नोकरी. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या, गुरवाने गाऱ्हाणं घालायचं. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. आणि पाकळी पडेपर्यंत कुणी जागचं उठायचं नाही. पुढे काम फसलं तर देवीला कोण जाब विचारणार? माणसाची सुटका होते. आमच्या लोकांना श्रद्धेपेक्षा ही सुटका जास्त प्यारी आहे.

रविवारी सकाळी आम्ही देवळात बसलो. अनंत गुरवाने पाकळ्या लावल्या आणि खड्या आवाजात सुरू केलं, "बाये माये, ह्या शंभूच्या मनात कंपनीची डीलरशिप घेवची आसा. त्यात बरकत आसात तर उजवी दी, नाय तर डावी दी."

माझं नाव गाऱ्हाण्यात नव्हतं. माझा बेतही नव्हता. देवीसमोर एकच रस्ता ठेवला होता आणि विचारत होते, जाऊ का?

पाकळ्या हलेनात. आई हात जोडून. दादाचे ओठ पुटपुटत होते. गुरवाने पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तेवढ्यात माझ्या मांडीवरचा फोन थरथरला. दूध सोसायटीच्या मनीषाचा निरोप होता. कॉम्प्युटर बंद पडलाय, दुधाचं वजन आणि फॅट नोंदता येत नाही, लोक कॅन घेऊन रांगेत उभे आहेत, ऊन वाढतंय.

मी उठले.

"खंय चललंस?" दादा दबक्या आवाजात म्हणाला.

"सोसायटीत. दूध नासतलां."

"पाकळी पडूची आसा अजून."

"ती पडतली. माझ्यासाठी थांबूची गरज नाय तिका."

"विनिता, बस गो खाली," आई कळवळली. "देवीचो कोप होतलो."

"आई, देवी गावची. रांगेत उभे आसत ते पण तिचेच."

गुरवाने माझ्याकडे पाहिलं आणि पाय बाजूला घेऊन वाट दिली.

सोसायटीत मनीषा घामाघूम झाली होती. एक म्हातारा ओरडत होता, पूर्वी मापट्याने दूध मोजून घेत तेच बरं होतं. मी सप्लाय उघडला. आत पाल, काळी ठिक्कर. स्कूटरच्या डिकीतला माझा सप्लाय बसवला, पंख्यातली धूळ काढली, बटण दाबलं. पडदा उजळला आणि रांग पुढे सरकली. कुणी माझं कौतुक केलं नाही. माणसं आपापली कॅन पुढे ढकलत होती. मला हेच हवं होतं.

शेवटची कॅन रिकामी होत असताना दादा दारात आला. त्याच्या कपाळाला अजून अंगारा होता.

"उजवी पडली," तो म्हणाला.

"बरां झालां. घे मगे डीलरशिप."

"आणि तू?"

"मी नाय. टेक्निशियनच्या रकान्यात दुसरा कोण घाल."

"देवीन होकार दिलो तरी?"

"तुका दिलो. माका कोणी काय विचारलांच नाय. आणि दादा, बरकत आसा काय म्हणून विचारलंस, ती कोणाची ता विचारलंस? पणजीवाल्याची होतलीच."

तो बाकावर बसला. मग चाचरत म्हणाला, "गुरवाक मी विचारलंय. उजवी पडली म्हणजे करूकच व्हया काय? तर म्हणता, देवी परवानगी देता, सक्ती करणा नाय."

मी हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला. ज्याला खात्री असते तो असला प्रश्न गुरवाला विचारत नाही.

"कित्याक विचारलंस?"

"तू उठून गेलंस. आणि माझ्या मनात आयलां, पणजीवालो उठून येतलो काय असो?"

एवढं तरी त्याला कळलं होतं. मी गोड बोलले नाही, तो माझा स्वभाव नव्हे. म्हटलं, "गाळो माका कामाक व्हयो. बोर्ड नाका, काच नाका. आणि तू व्हयो. माझ्या तोंडात मिरसांग, लोक दोनदा बोलावणत नाय. तुझ्या तोंडात साखर आसा, ती वास्कोत फुकट जाता."

"माका खुर्ची मिळतली काय?"

"स्कूटरची मागची सीट."

तो कसंबसं हसला. मग उठून मनीषाच्या टेबलाजवळ गेला. दादा बोलायला लागला की माणूस आपला चहा त्याच्यापुढे सरकवतो. मनीषाने सरकवला. तो तिला समजावत होता, पार्ट विकत घेऊ नका हो मनीषाबाय, वर्षभर मशीन बंद राहणार नाही एवढंच आमच्याकडून घ्या. शब्द माझेच होते. पण माझ्या तोंडून ते धमकीसारखे यायचे, त्याच्या तोंडून आमंत्रणासारखे आले. मनीषा म्हणाली, चेअरमनना आजच सांगते, आणि शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही घेऊन येते, त्याचं मशीन तर रोज मरतं.

ती झेरॉक्सवाल्याला बोलवायला गेली तेव्हा दादाने फोन काढला. पणजीचा नंबर लावला.

"नाही सर," तो म्हणाला. "देवीची काही हरकत नाही. आमची आहे."